ओटीपी कुणाला दिला?

आमच्या वहिनी भंडाऱ्यात बसून आंधळगावच्या कोसा साड्या ऑनलाइन विकतात. कुणा भामट्याने त्यांचे विक्रीखाते फोडले आणि भलत्याच जाहिरातींचे १८,५०० रुपये वहिनींच्या कार्डावर चढवले. तासाभरात आम्ही बँकेत हजर. साहेबांचा पहिला प्रश्न, ‘ओटीपी कुणाला दिला?’

अहो, ओटीपी आलाच नव्हता! चोर हाती लागत नाही म्हणून समोरच्या बाईलाच आरोपी करायचे, ही कुठली रीत? दोष ग्राहकाचा असेल तर तो बँकेने सिद्ध करावा. आणि तिसऱ्यानेच डल्ला मारला असेल नि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याला छदामाचाही भुर्दंड नको, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्येच बजावले होते. मी ते परिपत्रक पुढे केले. साहेबांनी चष्मा लावून सावकाश वाचले. म्हणाले, ‘याच्या दोन झेरॉक्स आणा.’