समजून घ्या : यंत्र भंगारात गेलं, ड्रायव्हर मात्र संगणकातच! काढायचं काय, सोडायचं काय?

ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधून एक जुनी फाइल कायमची काढून टाकली. ही फाइल म्हणजे अगीर या कंपनीच्या फॅक्स-मॉडेमचा ड्रायव्हर. टेलिफोनची वायर जोडायची, कर्कश आवाज ऐकायचा आणि मग इंटरनेट सुरू व्हायचं, त्या जमान्यातलं हे यंत्र. अगीर ही कंपनी २००७ मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिचा ड्रायव्हर मात्र विंडोजसोबत येतच राहिला. ज्या संगणकांना आयुष्यात कधी मॉडेम लागला नाही, त्यांच्यातही.

या ड्रायव्हरमध्ये त्रुटी होती. संगणकात साध्या खात्याने शिरलेल्याला तिच्या आधारे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क मिळवता येत होते आणि दुरुस्ती येण्याआधीच तिचा गैरवापर झालेला होता. मॉडेम वापरात नसला तरी धोका आहे, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. म्हणून फाइल दुरुस्त करण्याऐवजी ती थेट हटवली गेली. त्या ड्रायव्हरवर चालणारे फॅक्स-मॉडेम कुणी अजून वापरत असेल, तर ते आता बंद पडणार, हेही सांगून टाकलं.

हा प्रकार आठवायचं कारण म्हणजे सध्या फिरणारे ‘लपलेली जुनी डिव्हाइस काढा, लॅपटॉप सुसाट करा’ छापाचे व्हिडिओ. जुन्या उपकरणांचे अवशेष काढावेत का? माझं मत, हो, पण त्या व्हिडिओंत सांगतात त्या कारणासाठी नाही आणि बहुतेक वेळा ते दाखवतात ती जागाही चुकीची असते.

फिकट आयकॉन म्हणजे काय?

संगणकाला पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर, वेबकॅम, काहीही पहिल्यांदा जोडलं की विंडोज दोन गोष्टी करतं. एक, रजिस्ट्री नावाच्या आपल्या वहीत त्या यंत्राची नोंद करतं : कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, अनुक्रमांक काय. दोन, ते यंत्र चालवणारा ड्रायव्हर बसवतं. यंत्र काढून घेतलं तरी नोंद तशीच राहते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की अशा नोंदी फिकट आयकॉनसह दिसतात. दोन-चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर त्यांची लांबलचक यादी निघाली तर दचकू नका.

विंडोज हे उगाच करत नाही. तोच प्रिंटर महिन्याने पुन्हा जोडला तर जुन्या सेटिंगसह लगेच चालावा, यासाठी ही आठवण जपलेली असते. नोंदी अगदी छोट्या असतात. यंत्र जोडलेलं नसेल तर साधारणपणे त्याचा ड्रायव्हर मेमरीत चढतही नाही. त्यामुळे पन्नास फिकट आयकॉन उडवले म्हणून लॅपटॉप वेगवान होत नाही. तो मंद असेल तर भरलेली डिस्क, अपुरी रॅम किंवा सुरू होताना उघडणारे डझनभर प्रोग्राम आधी तपासा.

भाडेकरू घर सोडून गेला आणि दारावर त्याच्या नावाची पाटी राहिली, तर फारसं बिघडत नाही. किल्ली त्याच्याकडे राहिली तर बिघडतं. फिकट आयकॉन ही पाटी आहे, ड्रायव्हर ही किल्ली.

पाटीचाही त्रास होतो तेव्हा

काही ठिकाणी मात्र नुसत्या नोंदीही छळतात. सगळ्यात ठळक उदाहरण कॉम पोर्टचं. दुकानातला वजनकाटा, बिलाचा प्रिंटर, प्रयोगशाळेतलं मोजमापाचं यंत्र, अशी कितीतरी उपकरणं यूएसबीतून सीरियल पोर्टचं सोंग घेऊन संगणकाशी बोलतात. प्रत्येकाला विंडोज एक क्रमांक देतं : कॉम ३, कॉम ४ असा. यंत्र काढलं तरी तो क्रमांक त्याच्याच नावावर राखीव राहतो. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये हे हमखास दिसतं. प्रत्येक बोर्डाच्या चिपला वेगळा अनुक्रमांक असेल तर तीस मुलांच्या तीस बोर्डांना तीस क्रमांक जातात. उलट, ज्या स्वस्त चिपला अनुक्रमांकच नसतो, ती विंडोज यूएसबीच्या खाचेवरून ओळखतं. मग तोच बोर्ड शेजारच्या खाचेत लावला की नवा पाहुणा ठरतो!

आकडा दहाच्या पुढे गेला की खरी गंमत. जुनी सॉफ्टवेअर बऱ्याचदा कॉम ९ पर्यंतच ओळखतात. वजनकाटा ठणठणीत, वायर ठणठणीत, ड्रायव्हर बरोबर, तरीही बिलावर वजन येत नाही. दुकानदार नवी वायर आणतो. ती वेगळी चिप असली तर क्रमांक आणखी एकाने वाढतो. इथे उपाय एकच. जुन्या सीरियल पोर्टच्या फिकट नोंदी काढा आणि चालू यंत्राला त्याच्या पोर्ट सेटिंगमधून खालचा मोकळा क्रमांक द्या.

दुसरा प्रसंग नेटवर्क कार्ड बदलल्यावरचा. कार्यालयातल्या संगणकाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असतो. नवं कार्ड बसवून तोच पत्ता टाकला की विंडोज सांगतं, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड एव्हाना कचऱ्यात असतं! त्याची फिकट नोंद काढली की प्रश्न मिटतो.

किल्लीचं काय?

ड्रायव्हर हा साधा प्रोग्राम नाही. बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात आणि तिथे त्यांना जवळपास सगळ्या खोल्या उघड्या असतात. म्हणूनच विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं संरक्षण आहे. गाभ्यात चालणारा कोड खरा आहे का, हे ते वेगळ्या सुरक्षित कप्प्यातून तपासतं. पण त्याच्या नियमांत न बसणारा एखादा जुना ड्रायव्हर संगणकात असला तर हे संरक्षण सुरूच होत नाही. अनेकांच्या बाबतीत अडथळा निघाला तो वेस्टर्न डिजिटलच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा जुना ड्रायव्हर. डिस्क कधीच कपाटात गेलेली आणि तिच्यामुळे घराला कडी लागत नाही, अशी अवस्था.

त्यामुळे फिकट आयकॉन मोजत बसण्यापेक्षा ही तपासणी करा. विंडोज सिक्युरिटी अ‍ॅप उघडा, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी आणि मग कोअर आयसोलेशन. मेमरी इंटिग्रिटी बंद असेल तर सुरू करून पाहा. एखादा ड्रायव्हर आड येत असेल तर विंडोज त्याचं नाव सांगतं. ते यंत्र अजून वापरात असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या. नसेल तर तो काढाच.

एक सॉफ्टवेअर अनेकदा विसरलं जातं. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांच्यासोबत कंपनीचा स्वतंत्र प्रोग्रामही बसतो आणि यंत्र बदललं तरी तो दर वेळी सुरू होत राहू शकतो. कर सल्लागारांच्या आणि सेवा केंद्रांच्या संगणकांवर अशी दोन-तीन पिढ्यांची गर्दी साचते. तो डिव्हाइस मॅनेजरमधून जात नाही, सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीतून आधी तो काढावा लागतो.

काढायचं कसं?

स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. वरच्या व्ह्यू मेन्यूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. फिकट दिसणाऱ्या नोंदीवर राइट-क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. पुढच्या चौकटीत ड्रायव्हरही काढण्याचा पर्याय दिसला, तर तिथे थांबून विचार करा. यंत्र पुन्हा वापरायचं नसेल आणि तोच ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या यंत्राला लागत नसेल, तरच खूण करा. खूण केली नाही तर पाटी जाते, किल्ली राहते. सुरुवात करण्याआधी रिस्टोअर पॉइंट तयार करून ठेवणं उत्तम.

यूएसबी उपकरणं, जुने पोर्ट, जुनी नेटवर्क कार्डं काढायला हरकत नाही. चुकून चालू पेनड्राइव्हची नोंद गेली तरी पुन्हा जोडल्यावर ती नव्याने तयार होते. सिस्टम डिव्हाइसेस, सॉफ्टवेअर डिव्हाइसेस आणि स्टोरेज कंट्रोलर या गटांना मात्र हात लावू नका, तिथलं काही फिकट दिसत असलं तरी. ‘एका क्लिकवर सगळं साफ’ म्हणणाऱ्या फुकट अ‍ॅपच्या नादीही लागू नका. जुना ड्रायव्हर काढण्यासाठी अनोळखी कंपनीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क देणं, हा कुठला शहाणपणा?

खरं तर ही कटकट वापरणाऱ्यावर यायलाच नको. फोनमध्ये ब्लूटूथची जुनी जोडणी ‘फर्गेट’ दाबून विसरता येते. विंडोजमध्ये नोंद एकीकडे, ड्रायव्हर दुसरीकडे आणि कंपनीचा प्रोग्राम तिसरीकडे. वर्षभर न जोडलेली यंत्रं, त्यांचे ड्रायव्हर आणि प्रोग्राम एकाच पडद्यावर दाखवून ‘ठेवू की काढू?’ असं विचारणं मायक्रोसॉफ्टला तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावं. लागणारी बहुतेक माहिती तर विंडोजच्या वहीतच लिहिलेली आहे.

त्या वहीवरून आठवलं. कोणते पेनड्राइव्ह या संगणकाला लागले, हे त्या नोंदींतून कळतं. तपास यंत्रणांचे तज्ज्ञ तेच वाचतात. फिकट आयकॉन काढले म्हणून हा माग पुसला जात नाही, कारण विंडोज वेगळ्या लॉग फाइलमध्येही तो ठेवतं. जुना लॅपटॉप विकणार असाल तर एकेक नोंद काढत बसू नका. रिसेटमध्ये जाऊन सगळं हटवण्याचा पर्याय निवडा आणि ड्राइव्ह पूर्ण पुसण्याची सेटिंगही सुरू करा. त्याला काही तास लागू शकतात, तेवढा वेळ चार्जर जोडलेला ठेवा.