रिपोर्ट दिलात, आता तिला विचारा

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या बाया, त्यांच्या घरचे आणि आशाताई, सगळ्यांना ही विनंती आहे.

सरकारी दवाखान्यात तिशी ओलांडलेल्या बाईची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी करतात. व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड कापसाच्या बोळ्यानं लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि उजेड धरून बघायचं. पांढरा डाग दिसला की कार्डावर ‘पॉझिटिव्ह’ येतं. तो डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. नुसत्या सुजेनंही तो दिसतो. पुढच्या तपासणीत बहुतेकींना कॅन्सर निघत नाही. पेशी खरंच बिघडल्या असल्या तरी त्यांचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. तोवर तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो, पिशवी जागेवर राहते.

डॉक्टरांना हे ठाऊक असतं. कार्ड पदराखाली धरून बसस्टँडवर बसलेल्या बाईला नसतं. घरी मराठी बोलणारीच्या हातात कन्नड कार्ड असलं तर आणखीच पंचाईत. नवऱ्याला सांगू का, लोक काय म्हणतील, माझ्यामागे लेकरांचं कसं होईल, हे तिच्या डोक्यात चालू असतं. ब्रिटनमध्ये तपासणीत पेशींचा सौम्य बिघाड निघालेल्या बायांना प्रश्नावली देऊन ही धास्ती मोजली, तेव्हा जवळपास चौघींत एकीची चिंता दखल घेण्याइतकी निघाली. आपल्याकडे डाग मोजतात, धास्ती कुणी मोजत नाही.

घाबरलेली बाई एक तर पुढच्या तपासणीला जातच नाही, नाही तर कुणीही सांगितलं की पिशवी काढून मोकळी होते. कलबुरगी जिल्ह्यात 2015च्या सुमारास लंबाणी तांड्यांवरच्या बायांच्या पिशव्या कॅन्सरची भीती घालून, गरज नसताना काढल्याचं उघड झालं. ते विसरू नका.

म्हणून तपासणी टाळा असं मी मुळीच म्हणत नाही. उमरग्याची हद्द ओलांडली की उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव. तिथल्या 1,31,746 बायांचा अभ्यास 2009 साली छापून आला. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तीही खेड्यापाड्यातली, आपल्यासारखीच माणसं.

आशाताई, कार्ड दिल्यावर तिच्याजवळ बसा आणि तिच्या भाषेत विचारा. झोप लागते का? जेवण जातं का? सगळ्यात जास्त धास्ती कशाची? घरात कुणाला सांगितलं? ती बोलेल तसंच वहीत लिहा. पंधरा दिवसांनी हेच विचारा, पुढची तपासणी झाल्यावर पुन्हा विचारा. धास्ती उतरली नसेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

घरच्या पुरुषांनो, एचपीव्हीचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तो सापडला म्हणून बायकोच्या चारित्र्यावर बोट दाखवू नका. तारखेला तिच्यासोबत जा.

आणि बायांनो, नुसत्या या कार्डावर कुणी ‘पिशवी काढा’ म्हणालं, तर पैशाची जुळवाजुळव करण्याआधी बिदरच्या ब्रिम्स दवाखान्यात नाहीतर कलबुरगीच्या किदवई कॅन्सर केंद्रात दाखवा. दुर्बिणीतून तपासणी आणि तुकड्याचा रिपोर्ट झाल्याशिवाय सही करू नका.