मॅटची नाहक बदनामी

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे ठेवलेले असतात. एकावर पोपटाची पिसं, निळाशार समुद्र, हवेत उधळलेला रंग असा व्हिडिओ फिरत असतो आणि ब्राइटनेस शेवटच्या टोकाला असतो. दुसऱ्यावर विंडोजचा नेहमीचा वॉलपेपर. पहिला ग्लॉसी, दुसरा मॅट. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशननंतर लॅपटॉप घ्यायला आलेले वडील दोन्हींकडे एकेकदा बघतात आणि निकाल लागतो: ग्लॉसीचे रंग उठून दिसतात, मॅट फिका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ‘तो चमकणारा’ द्या.

निकाल झटपट लागला, पण पुरावाच चुकीचा होता.

पूर्वपक्ष असा: मॅट स्क्रीनचे रंग मेलेले असतात. यात गफलत आहे ती पॅनेल आणि पृष्ठभाग यांची. आपल्याकडे मध्यम किमतीच्या असंख्य लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एक ठरलेली ओळ सापडते: 250 निट्स, 45 टक्के एनटीएससी, अँटी-ग्लेअर. यातलं अँटी-ग्लेअर म्हणजे मॅट, निट्स हे चमकेचं माप, आणि 45 टक्के हे पॅनेलला किती रंग दाखवता येतात त्याचं माप आहे. इंटरनेटवरचे फोटो आणि व्हिडिओ ज्या एसआरजीबी मापाने तयार होतात, ते पूर्ण दाखवायला ढोबळमानाने 72 टक्के एनटीएससी लागतं. म्हणजे या पॅनेलवर साधारण तिसरा हिस्सा रंग उमटतच नाहीत आणि लाल विटकरीकडे झुकतो. त्या पॅनेलवर आरशासारखी काच बसवली, तरी विटकरी विटकरीच राहणार. शेजारचा ग्लॉसी मात्र बहुधा ओलेड असतो. त्याचं पॅनेलच वरच्या प्रतीचं, किंमतही वरची. स्वस्त मॅट आणि महाग ग्लॉसी यांची कुस्ती लावायची आणि हरल्याचं खापर मॅटवर फोडायचं, हा कुठला न्याय?

उलटा पुरावा हवा असेल तर छपाईच्या धंद्यात बघावं. ज्यांचं पोट रंगाच्या अचूकपणावर चालतं, त्यांच्यात जपानच्या आयझो कंपनीचे कलरएज मॉनिटर नावाजलेले आहेत. त्यांचा पृष्ठभाग अँटी-ग्लेअर, म्हणजे मॅटच असतो, आणि बाजूचा उजेड अडवायला वर झडप लावायची सोयही असते. मॅट म्हणजे फिका हा नियम खरा असता, तर हे मॉनिटर कुणी विकत घेतले नसते.

तरी ग्लॉसीवाल्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असं म्हणता येणार नाही. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. कोरडी असताना ती राखाडी, पांढुरकी दिसते. पाणी मारलं की तीच फरशी गडद होते, तिच्यातल्या छटा वर येतात. दगडात नवा रंग भरलेला नसतो. खडबडीत पृष्ठभागावरून चहूकडे विखुरणारा उजेड पाण्याच्या गुळगुळीत थराने थांबवलेला असतो. ग्लॉसी स्क्रीन हेच करते. पण ओल्या फरशीत छताची ट्यूबही रेघेसारखी स्वच्छ दिसू लागते, ती बाजू दुकानात कुणी सांगत नाही.

खरा वाद त्या ट्यूबचाच आहे, आणि तो आकड्यांनी मिटवता येतो. साध्या काचेचा एक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे 4 टक्के उजेड परत फेकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. आता सोलापूरचा एप्रिल घ्या. पारा चाळिशीच्या पुढे, हवेसाठी खिडकी उघडी आणि समोरच्या घराची चुना दिलेली भिंत उन्हात तळपतेय. अशा भिंतीचं तेज दहा हजार निट्सच्या वर सहज जातं. त्याचे 4 टक्के म्हणजे 400 निट्स. लॅपटॉपची स्वतःची चमक 250. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलीला एक्सेलच्या रकान्यांपेक्षा मागची भिंत जास्त उजळ दिसणार, तिचा चष्मा आणि कानातलंही दिसणार. त्यात हल्लीची मुलं डार्क मोड लावतात. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब आणखीच खुलतं.

मॅटवर तेवढाच उजेड पडतो, पण तो एका जागी प्रतिमा होऊन उभा राहत नाही. पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे तो पसरतो आणि भिंतीच्या जागी एक अंधूक पांढुरका डाग उरतो. अक्षरं त्यातूनही वाचता येतात. डोळ्याला दोन चित्रांत, म्हणजे पडद्यावरच्या आणि पडद्यात दिसणाऱ्या, सारखं निवडत बसावं लागत नाही. दिवसभर मजकूर आणि आकडे वाचणाऱ्याला हा फायदा रंगांच्या तजेल्यापेक्षा मोठा आहे.

हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला ये-जा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी गाडी सोलापूर सोडून कुर्डुवाडी, दौंडकडे साधारण वायव्येला धावते. पुढे तोंड करून बसलेल्याची स्क्रीन मागे, उगवतीकडे वळलेली असते. संध्याकाळी पुण्याहून परतताना दिशा उलटते आणि तीच स्क्रीन मावळतीकडे होते. जाताना ऊन पडद्यावर, येतानाही ऊन पडद्यावर! ग्लॉसीवाला मग लॅपटॉप मिटतो आणि मोबाइल काढतो. तोही ग्लॉसीच असतो, पण तो मनगटाने हवा तसा वळवता येतो आणि उन्हात आपली चमक कितीतरी वाढवतो. ‘मोबाइल ग्लॉसी चालतो, मग लॅपटॉप का नको’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

दुसरा आक्षेप या शहराचा खास आहे: चादरी-टॉवेलांची डिझाइन करणाऱ्याला तरी ग्लॉसीच हवा ना? जेकार्डची नक्षी आता कॉम्प्युटरवर तयार होते हे खरं. पण स्क्रीनवरचा किरमिजी आणि सुतावर चढलेला किरमिजी यांचा मेळ कुठलीच चमक घालून देत नाही. रंग शेड कार्ड आणि नमुन्याच्या तुकड्याशी ताडूनच पक्का करावा लागतो. तिथे गरज आहे पूर्ण एसआरजीबी दाखवणाऱ्या, नीट कॅलिब्रेट केलेल्या पॅनेलची. ते मॅटमध्येही मिळतं.

ज्या ॲपलकडे बोट दाखवून ग्लॉसीचं समर्थन होतं, तिचा इतिहासही तपासावा. 2008च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने मॅकबुक प्रोला कडेपर्यंत काच बसवली. छायाचित्रकारांनी ओरड केली, तेव्हा 2009मध्ये 17 इंची आणि पुढे 15 इंची मॉडेलला 50 डॉलर जादा घेऊन अँटी-ग्लेअरचा पर्याय दिला. रेटिना पडद्यांचं पर्व आलं आणि तो पर्याय बंद झाला. 2024च्या ऑक्टोबरमध्ये तोच माल ‘नॅनो-टेक्स्चर’ या भारदस्त नावाने परत आला, या वेळी 150 डॉलरना. मॅट खरोखरच टाकाऊ असता, तर त्यासाठी तिप्पट पैसे मागायची हिंमत झाली नसती.

मॅटचे वकीलही मात्र कमी अतिशयोक्ती करत नाहीत. ‘मॅटने डोळे वाचतात’ हा दावा असाच. ग्लॉसीने नंबर वाढतो आणि मॅटने थांबतो, याला आधार नाही. अमेरिकेची नेत्रतज्ज्ञांची अकादमी सांगते ते सरळ आहे: माणूस एरवी मिनिटाला सुमारे 15 वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर 5 ते 7 वेळा. डोळे कोरडे पडतात ते त्यामुळे. प्रतिबिंब टळल्याने वाचणं सोपं होतं. पापणी मिटण्याचं काम मॅट करत नाही. आणि गच्चीवर भर उन्हात बसून मॅटवर काम करता येतं, ही तर निव्वळ थाप. लाखभर लक्सच्या उन्हात 250 निट्सची मॅट स्क्रीन आख्खी पांढुरकी पडते.

ग्लॉसी घेऊन वर मॅट फिल्म चिकटवायचा शहाणपणाही करू नये. अशा फिल्मने अक्षरांच्या कडा विरतात, पांढऱ्या पानावर रवाळ चमचम दिसते आणि कोपऱ्यात धूळ अडकते ती वेगळी.

ग्लॉसीची एक जात मात्र आदराने वेगळी काढावी लागेल: परावर्तनरोधक लेप दिलेली. हा लेप 4 टक्क्यांचं परावर्तन टक्का-दीड टक्क्यावर आणतो. ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रीन बंद करून ट्यूबखाली तिरकी धरावी. ट्यूब पांढरी फटक दिसली तर लेप नाही. जांभळट किंवा हिरवट झाक दिसली तर आहे. हा लेप नाजूक असतो. काही मॅकबुक प्रोंवरचा तो चट्ट्याचट्ट्यांनी उडू लागला, तेव्हा 2015मध्ये ॲपलला अशा पडद्यांसाठी मोफत दुरुस्तीची योजना आणावी लागली होती. तेव्हा खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे कुठल्याच स्क्रीनवर मारू नये. किंचित ओलसर मऊ कापड पुरे.

तेव्हा सोलापुरात लॅपटॉप घेणाऱ्याने आधी निट्स विचारावेत, मग एसआरजीबीची टक्केवारी आणि शेवटी पृष्ठभाग. 300 निट्सच्या खाली आणि 45 टक्के एनटीएससीवर थांबू नये, मग तो कितीही चमको. दोन्ही पॅनेल तोडीस तोड निघाली, तर विद्यार्थी, अकाउंटंट, घरून काम करणारे, वर्गात शिकवणारे अशा सगळ्यांनी डोळे झाकून मॅट घ्यावा. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणाऱ्याने लेप दिलेला ओलेड ग्लॉसी घ्यावा. लेप नसलेला, कमी निट्सचा ग्लॉसी कुणीच घेऊ नये, सवलतीतही नाही.