अर्धे विसर्जन

"आठ दिवसांनी मोडायचे, तर एवढे बांधायचे कशाला?" अमेरिकेतील 'बर्निंग मॅन' उत्सवाची हकीकत सांगितली की विद्यार्थी मला हमखास हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण गणपतीच्या आराशीसाठी रात्री जागविणाऱ्या आपण तो विचारावा, याची गंमत वाटते.

१९८६ साली सान फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनारी लॅरी हार्वे व जेरी जेम्स यांनी एक लाकडी पुतळा जाळला, ही या उत्सवाची सुरुवात. १९९० पासून तो नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात भरू लागला. तेथे वाळूच्या टेकड्या नाहीत. आटलेल्या प्राचीन सरोवराचा सपाट तळ आणि पिठासारखी खारी धूळ. हजारो माणसे तेथे शहर वसवितात, प्रचंड शिल्पे उभारतात. उत्सव संपताना काही जाळतात, उरलेली उतरवून नेतात.

२०१७ साली शिक्षणानिमित्त मी कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा तेथे जाण्याचा योग आला. रात्री सायकलला दिवे बांधून निघालो. अंधारात अंतराचा अंदाज येत नाही. हाकेवर वाटणारा उजेड गाठता गाठता दमछाक होते. असाच एक उजेड 'टेनेरेचे झाड' निघाला. सहारातील ज्या एकाकी बाभळीचे हे नाव, ती १९७३ साली ट्रकच्या धडकेने पडली. येथे तिची पाने दिव्यांची होती. माणसे खाली उताणी पडून पाहात होती, मीही पडलो.

पुढे मंदिर होते. आत देव नव्हता. कॅलिफोर्नियात वठलेल्या झाडांच्या लाकडाचे ते बांधले होते, आणि त्यावर लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांची नावे लिहिली होती. मीही वडिलांचे नाव देवनागरीत लिहिले. ते आमच्या गल्लीच्या गणपतीची आरास करीत. रविवारी रात्री मंदिर पेटविले. एवढा समुदाय, पण आवाज काय तो जळत्या लाकडाचा.

इथवर ते आणि आपण सारखेच. फरक पुढे आहे. उत्सवानंतर तेथे माणसे रांगेने चालत खिळे, ढलप्या वेचतात. जमीन सरकारी आहे. एकरी एक चौरस फुटाहून अधिक कचरा राहू नये, अशी अट आहे. धूर आणि मोटारींचे जळालेले इंधन मात्र कोणालाच वेचता येत नाही, हा दोष मी झाकणार नाही. तरी आपण काय करतो? 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून पाठ फिरवितो; दुसऱ्या दिवशीचा तलाव सफाई कामगारांच्या वाट्याला येतो.

मित्रहो, क्षणभंगुर कला म्हणजे उधळपट्टी, असे मी मानीत नाही. पण विसर्जन म्हणजे टाकून देणेही नव्हे. यंदा स्नेहसंमेलनाचा मंडप जे सजवतील, त्यांनीच तो उतरवावा. आरास काढल्यावर वडील जमिनीवर बसून एकेक खिळा डब्यात भरीत. आम्ही मुले तोवर घरी पळालेलो असू.