कडक बुश, ढिला विचार

रात्री मेसमधून परत आलं की आपल्या होस्टेलमध्ये तीनच विषय चालतात. क्रिकेट, प्लेसमेंट आणि गाड्या. त्यातल्या तिसऱ्या विषयावर कोणीतरी एकदा तरी म्हणतोच, "सस्पेन्शनचे कंपनीचे रबरी बुश फेकून दे, पॉलियुरेथेनचे टाक, गाडी एकदम टाइट होते!" मित्रांनो, हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं ज्युनिअर पोरांना ऐकवलेलं आहे. आज त्याच्या विरुद्ध लिहितोय, म्हणून आधी माझाच गुन्हा कबूल करतो.

माझं गाव नांदगाव खंडेश्वर. घरी 2011 सालची एक छोटी गाडी आहे. बाबा ती शेतात नेतात, लग्नांना नेतात आणि महिन्यातून एकदा आजीला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात नेतात. आजीच्या कमरेचा मणका दबलेला आहे. गाडीनं लाखाच्या वर किलोमीटर पार केले आणि पुढून आवाज यायला लागला. ब्रेकरवरून हळू जाताना खट्‌ खट्‌, ब्रेक मारला की स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, आणि टायर आतल्या बाजूनं खाल्ले जायचे. अलाइनमेंट केलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. गावातल्या मिस्त्रीकाकांनी खाली वाकून लोअर आर्मच्या बुशात टॉमी घातली, हलवून दाखवली आणि म्हणाले, "हे पाह्य, रबर मेलं. नवं रबर टाकून देऊ."

मी तेव्हा थर्ड इयरला. डोक्यात बाहाची हवा. मी म्हटलं, "काका, रबर नको, पीयू टाकू. ते फाटतच नाही." काका माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "रबर मेलं तर रबर टाकाव. त्याच्यात इंजिनिअरिंग कायले लावतं बावा?" पण मी ऐकलं नाही. मूळ बुशच्या साधारण तिप्पट किमतीचा सेट मागवला आणि सुट्टीत बसवून घेतला.

पहिल्या दिवशी मी राजा होतो. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि 2025 च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा उघडून तो पूर्ण 701 किलोमीटरचा झाला. कारला तिथे 120 ची मर्यादा आहे. त्या सपाट काँक्रीटवर गाडी खरोखर दोरीत चालली. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक लगेच वळायचं. बाबाही खूश झाले.

मग आजीची तारीख आली. अमरावतीपर्यंत ती काही बोलली नाही. परत येताना, गावाजवळच्या रस्त्यावर, मागच्या सीटवरून आवाज आला, "गाडी दुरुस्त केली का मोडून आणली रे बापा? माह्या हाडाचा खुळखुळा झाला ना."

आता आपल्याकडचा रस्ता कसा असतो ते वऱ्हाडातल्या पोरांना सांगायला नको. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा थोडा वाकतो. त्यात ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलसर हवा. आपल्या गावांत रात्रीतून जो तयार होतो त्याला ब्रेकर नाही, बांध म्हणतात! समृद्धीवर आम्ही वर्षातून चारदा जातो. या बांधांवरून रोज.

आता मुद्द्यावर येतो. रबरी बुश म्हणजे काय, तर बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी आणि दोघींच्या मध्ये चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा आत काहीही घसरत नाही, रबर स्वतःच पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, धूळ आत जात नाही. बैलबंडीच्या चाकाला वंगण घालावंच लागायचं, कारण तिथे लोखंडावर लोखंड घासतं. रबरी बुशनं ती कटकटच संपवली. पीयूच्या सेटमध्ये बहुतेक वेळा आतली नळी चिकटवलेली नसते, ती पीयूच्या आत फिरते. म्हणजे आपण पुन्हा बंडीच्या काळात गेलो. ग्रीस लावा, नाहीतर कुरकुर ऐका. माझ्या गाडीनं पहिल्या पावसानंतर कुरकुर सुरू केली. चिखल आत, ग्रीस बाहेर.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. जुना बुश काढला तेव्हा आर्मच्या मागच्या बुशात रबरात दोन मोठ्या पोकळ्या दिसल्या होत्या. मी हसून म्हटलं होतं, "पाहा काका, कंपनीनं रबर वाचवलं." अहो, ती बचत नव्हती, ते डिझाइन होतं! तशा आर्मचा पुढचा बुश त्यामानानं कडक ठेवतात, कारण वळणावर चाक बाजूला सरकायला नको. मागचा बुश पुढे-मागे मऊ ठेवतात, म्हणजे चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं की काही मिलिमीटर मागे सरकतं आणि धक्का तिथेच बराचसा मरतो. पोकळ्या त्यासाठीच. शिवाय त्या कोणत्या दिशेला यायच्या हेही ठरलेलं असतं. एकाच रबराला एका दिशेला कडक आणि दुसऱ्या दिशेला मऊ करणं ही साधी गोष्ट नाही. मी पैसे देऊन त्या जागी भरीव पीयू बसवलं आणि त्याला अपग्रेड म्हणालो.

ज्यांना मेकॅनिकल व्हायब्रेशन्सचा पेपर आठवतो त्यांनी एक साधं गणित करावं. कडकपणा चौपट झाला की नैसर्गिक कंपनसंख्या दुप्पट होते. आणि कंपनं अडायला सुरुवात होते ती त्या संख्येच्या 1.41 पटीच्या वर गेल्यावरच. समजा आधी ती 20 हर्ट्झ होती, तर 28 च्या वरचं सगळं थोडंफार गाळलं जात होतं. ती 40 झाली की 57 च्या खालचं काहीच गाळलं जात नाही, उलट काही वाढतं. मधला सगळा पट्टा फ्लोअरमध्ये, डॅशबोर्डमध्ये आणि सीटमध्ये. आपण हा पेपर पास होतो आणि गाडीखाली शिरताना विसरतो. मी तर त्यात 68 मार्क घेतले होते!

पुढे चार-पाच महिन्यांत डॅशबोर्ड खडखडायला लागला आणि पुढच्या एका शॉकअपचं वरचं माउंटिंग गेलं. ते पीयूमुळेच गेलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, गाडी जुनीच होती. पण धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या नरम जागेकडे जातो, एवढं तर फर्स्ट इयरलाही कळतं.

मग सगळे लोक पीयूची एवढी स्तुती का करतात? माझ्या मते इथे एक साधी फसगत आहे, आणि ती कोणी मुद्दाम करत नाही. आपण तुलना करतो ती मेलेल्या रबराची नव्या पीयूशी. लाखभर किलोमीटर चाललेला, फाटलेला बुश काढून काहीही नवीन घातलं तरी गाडी सुधारणारच. ब्रेकवर ओढणं थांबतं, अलाइनमेंट टिकतं, स्टिअरिंग सरळ राहतं. यातला बराच गुण नवेपणाचा असतो, पीयूचा नाही. नवं रबर आणि नवं पीयू अशी तुलना करून पाहणारा मला होस्टेलमध्ये एकही भेटलेला नाही. मीही केली नव्हती. शेवटी झक मारून मिस्त्रीकाकांकडे गेलो आणि मूळ रबरी बुश बसवले, तेव्हा ती आपोआप झाली. समृद्धीवर 100-110 ला गाडी नव्या रबरावरही तशीच सरळ चालली. वळताना उन्नीस-बीसचा फरक होता, तो मला कळला, बाबांना कळला नाही. गावच्या रस्त्यावरचा फरक मात्र आजीला सीटवर बसल्या बसल्या कळला.

इथे काकांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या वर्कशॉपमध्ये कोणी सांगितलेली आठवत नाही. त्यांनी बुश दाबून बसवले, बोल्ट नुसते अडकवले, गाडी जॅकवरून खाली उतरवली, चाकांवर वजन येऊ दिलं आणि मग बोल्ट आवळले. का? तर रबर पिळलं जातं तेच त्याचं काम. आर्म हवेत लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पुष्कळ ठिकाणी घाईत हेच होतं, आणि मग आपण म्हणतो, "रबर टिकत नाही." दुसरं म्हणजे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला जळकं ऑइल मारायची आपल्याकडची पद्धत. लोखंडाला गंज लागू नये म्हणून मारतात, पण रबराला खनिज तेल सोसत नाही, ते फुगून सडतं. बाबा दरवर्षी मारायचे. आता नाही.

पीयूवर माझा राग नाही. अँटीरोल बारच्या डी बुशला ते चांगलं काम करतं, तेलानं खराब होत नाही, आणि रॅलीच्या गाडीला तर हवंच. आपल्या बाहा टीमचे मित्र हे वाचून चिडतील म्हणून सांगतो, तुमचं बरोबर आहे. तुमच्या गाडीत एकच माणूस बसतो, तोही हेल्मेट घालून आणि पट्टे आवळून, आणि मुख्य शर्यत चार तासांची असते. तिथे कडक बुश, रॉड एंड, जे लावायचं ते लावा. पण तोच नियम उचलून स्वतःच्या बापाच्या गाडीला लावू नका. तिच्या मागच्या सीटवर कोणीतरी दहा वर्षं बसणार आहे. सरांच्याही काही जुन्या गाड्या स्टाफ पार्किंगमध्ये खटखट करत येतात, आम्हाला होस्टेलच्या खिडकीतून ऐकू येतं. सर, कोणी विद्यार्थी येऊन पीयू सुचवेल तर आधी नवं रबर टाकून पाहा.

माझ्याकडे खोलीत एका खोक्यात दोन जुने बुश पडले आहेत. एक मूळचा फाटलेला आणि एक पाच महिने चाललेला पीयू. तिसरा, नवा रबरी, मी विकत आणायला तयार आहे. तिन्हींवर भार टाकून किती दबतात याचा आलेख काढायचा आहे. लॅबमधलं यूटीएम 40 टनांचं आहे, त्याच्याखाली बुश म्हणजे हत्तीच्या पायाखाली शेंगदाणा. पण कोपऱ्यातलं स्प्रिंग तपासायचं छोटं यंत्र चालेल. त्याची किल्ली आणि शनिवारची दुपार मिळावी एवढा अर्ज मी विभागाकडे दिला आहे. ज्याला माझं म्हणणं खोटं पाडायचं असेल त्यानं तेव्हा अवश्य यावं, रीडिंग घ्यायला दोन माणसं लागतातच.