जाड टायर बरा की बारीक?

शाळा उघडायचे दिवस आले की शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत कुठल्याही सायकलच्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. मुलाचे बोट जाड टायरच्या सायकलीकडे असते. वडिलांना आठवत असते ती त्यांची काळी, उंच, 28 इंची. दुकानदार मधेच म्हणतो, "भैया, पतला टायर लो, हवा जैसी भागेगी." आई गप्प असते, कारण दप्तर, डबा आणि धाकट्याला मागे बसवून हीच सायकल रोज पाच किलोमीटर जायची आहे, हे फक्त तिच्या डोक्यात असते.

वाचकहो, टायर बारीक असला की सायकल पळते, हा समज आपल्यात पक्का बसला आहे. शर्यतीच्या सायकली बारीक टायरच्या असतात, हे आपण चित्रात पाहिलेले असते. पण त्या शर्यतवाल्यांनीच गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपले टायर रुंद केले. पूर्वी 23 मिलिमीटरचा टायर सर्रास असे, आता 28 आणि त्याहून रुंद वापरतात. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे शर्यतीत दगडी फरसबंदीवरून जावे लागते, तिथे तर 30च्या पुढे. आता आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीचा टायर पाहा. त्यावर 28 × 1½ लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे सुमारे 38 मिलिमीटर!

यातले गणित अवघड नाही. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. चाक फिरेल तसे रबर वाकते आणि पुन्हा सरळ होते. या वाकण्या-सरळण्यात आपल्या पायाची थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. समजा मागच्या चाकावर 45 किलो भार आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 3 किलो आहे. मग टायर जमिनीवर साधारण 15 चौरस सेंटिमीटर टेकणार, जाड असो वा बारीक. फरक आकारात पडतो. बारीक टायर वांग्यासारखा लांबट टेकतो, जाड टायर पुरीसारखा आखूड आणि रुंद. लांबट टेकला की तो जास्त चपटा होतो आणि रबर जास्त वाकते. म्हणून हवा सारखीच असेल तर जाड टायर उलट हलका चालतो. वाऱ्याचा अडथळा बारीक टायरला कमी होतो हे खरे, पण तो हिशेब ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्यांचा. आपण बाराने-पंधराने जातो. त्या वेगाला वारा टायरापेक्षा आपल्या अंगालाच जास्त अडतो.

शिवाय रस्ता. दुकानातल्या फरशीवर सगळ्याच सायकली छान चालतात. इच्छापूर-शाहपूरकडच्या केळीच्या बागांमधून जाणाऱ्या वाटेवर खडी येते, बैलगाडीच्या चाकोऱ्या येतात. बारीक, टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो. तो उडतो म्हणजे सायकलीसकट आपले साठ-सत्तर किलो वर उचलले जातात, आणि ती ताकद पायातूनच जाते. पाठ आणि मनगटे दुखतात ती निराळीच. जाड टायर खडा पोटात घेतो. यंत्रमागावर आठ-दहा तास उभे राहून घरी जाणाऱ्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगायला नको.

ही गंमत टायराच्या जन्मापासूनची आहे. बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि 1888 साली पेटंट घेतले. तोवर चाकाला भरीव, बारीक रबर असे. पुढच्याच वर्षी, 1889 मध्ये, विली ह्यूम नावाचा गडी हे फुगीर टायर लावून शर्यतीत उतरला. लोक आधी हसले म्हणतात. तो जिंकला, आणि थोड्याच वर्षांत भरीव रबर मागे पडले.

मग सगळ्यांनी सर्वांत जाड टायर घ्यावा का? मुळीच नाही. चार इंची टायरच्या ज्या सायकलींवर पोरे हल्ली जीव टाकतात, त्या मुळात बर्फ आणि वाळूसाठी निघाल्या. वजनाने जड, आणि आपल्याकडे बर्फ तर सोडाच, तापीच्या वाळूतही कोणी सायकल चालवत नाही. मिरवायला हौसेने घ्या, पण शाळेला नको.

आमच्या ओळखीतल्या एका लूम कामगाराच्या लेकीचे उदाहरण सांगतो. वडिलांनी काटकसर करून जुनी, जाड आणि गाठीगाठींच्या टायरची सायकल घेतली होती. मुलगी नववीत, शाळा लांब. महिनाभरात ती दमून कुरकुर करू लागली. आजी म्हणाली, मुलीच्या जातीला कशाला एवढी दगदग, राहू दे शाळा. सायकल विकून बारीक टायरची नवी घ्यावी, तर खर्च झेपणारा नव्हता. गल्लीतल्या जाणत्या मिस्त्रीने पाहिले आणि सांगितले, दोष जाडीचा नाही, गाठींचा आणि कमी हवेचा आहे. डांबरी रस्त्यावर त्या गाठी प्रत्येक फेऱ्याला दबतात आणि घूं घूं करत ताकद खातात. त्याच रिमवर सपाट नक्षीचे टायर बसवले, हवा नीट भरली. नव्या सायकलीच्या जेमतेम दहाव्या हिश्शात काम झाले. मुलगी आता दहावीत आहे.

टायर बदलायचा तर एक घोळ ध्यानात ठेवा. 26 × 1⅜ आणि 26 × 1.95 या दोन्हींना दुकानात "छब्बीस" म्हणतात, पण दोन्हींच्या रिमचा व्यास वेगळा असतो. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. नुसते छब्बीस सांगून टायर आणू नका, जुना टायर घेऊन जा.

हवेचे म्हणाल तर टायराच्या कडेवर मर्यादा छापलेली असते. दीड इंची टायरला मोठ्या माणसासाठी 40 ते 50 पौंड, हलक्या मुलामुलींना 30-35 पुरते. मागे थोडी जास्त, पुढे कमी, आणि कॅरिअरवर कापडाचा गठ्ठा असेल तर आणखी जास्त. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हला मोटारसायकलचा गेज लागत नाही, तिथे अंगठ्यानेच दाबून पाहायचे. हवा फार कमी असेल तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप डसल्यासारख्या.

उन्हाळ्यात मात्र लोक उगीच हवा सोडतात, टायर फुटेल म्हणून. 25 अंशांना भरलेली 45 पौंड हवा, टायर 60 अंश तापला तरी 52च्या आसपास जाते. तेवढ्याने धड टायर फुटत नाही. फुटतो तो उन्हात पडून चिरलेला, आतले धागे दिसू लागलेला. तो बदलायलाच हवा.

पावसाळ्यात काळ्या मातीची वाट असेल तर टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा आहे ना ते पाहून घ्या. जाड टायर घुसडून बसवला असेल तर चिखल अडकून चाक जागीच थांबते, आणि मग सायकल खांद्यावर घेऊन डांबरी गाठावी लागते.