देणगी, प्रवेशिका आणि शाळेचे दार

शाळेच्या इमारत-निधीसाठी लावलेल्या नाटकाच्या किंवा संगीतसभेच्या पत्रिकेवर 'देणगी प्रवेशिका' हे दोन शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी वाचत आलो आहोत. त्यांच्यातला विरोध सहसा कुणाला खटकत नाही. देणगी म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न धरता दिलेले धन, आणि प्रवेशिका म्हणजे दाराशी दाखवून आत जाण्याचा हक्क देणारा कागद. एक शब्द देणाऱ्याच्या मनाविषयी बोलतो, दुसरा घेणाऱ्याच्या हक्काविषयी. भाषेने हे दोघे एकत्र नांदवले, कारण व्यवहारात आपल्याला दोन्ही हवे होते. शाळेला मदत केल्याचे समाधान हवे होते आणि तिसऱ्या रांगेतली खुर्चीही हवी होती.

आता या शब्दांच्या शेजारी एक काळा-पांढरा चौकोन येऊन बसला आहे. मोबाइल त्याच्यासमोर धरायचा, पैसे भरायचे आणि आलेला संदेश दाराशी दाखवायचा. मोठ्या शहरांतील शाळांत रुळत चाललेली ही पद्धत शेगाव-खामगावसारख्या गावांतल्या संमेलनांपर्यंतही येऊ घातली आहे. तिचे स्वागत करावे की विरोध करावा, असा सरळ प्रश्न विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जात आहे. यंत्र बरे की वाईट हे ठरवण्याआधी, आपण त्या यंत्राकडून नेमके कोणते काम करून घेत आहोत हे पाहिले पाहिजे.

थोडे इतिहासाकडे वळू. 1843 साली सांगलीच्या राजाश्रयाने उभे राहिलेले विष्णुदास भावे यांचे नाटक 1853 साली मुंबईत तिकीट लावून झाले. त्याच वर्षीच्या 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. म्हणजे नाटकाचे तिकीट आणि रेल्वेचे तिकीट मराठी माणसाच्या हाती जवळजवळ एकदमच आले. या कागदाने एक मोठे काम केले. राजाची मर्जी, जातीची पंगत, घराण्याची ओळख यांपैकी काहीही विचारात न घेता केवळ दाम मोजणाऱ्याला जागा मिळावी, हे तत्त्व त्याने निदान कागदावर तरी आणले. तिकीट म्हणजे केवळ बाजारूपणा, असे समजणाऱ्यांनी त्याचा हा लोकशाही गुण विसरू नये.

पुढे याच तिकिटाला देणगीचे रूप मिळाले. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर येणार म्हणून त्या काळात शंभर रुपयांपर्यंतची तिकिटे लोकांनी घेतली. त्यांत गाण्याचे मोल किती आणि स्वराज्याचे किती, हे कुणाला वेगळे काढता आले नसते आणि कुणी तसा प्रयत्नही केला नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, तेही याच परंपरेतले. कायद्यालाही हा भेद कळत होता. मुंबईच्या 1923 सालच्या करमणूक शुल्क कायद्यात, ज्या कार्यक्रमाचे उत्पन्न धर्मादाय कार्याला जाणार त्याला सूट देण्याची तरतूद होती. पैसा कशासाठी गोळा होतो, यावरून त्या पैशाचे स्वरूप ठरत होते.

परंतु याच महाराष्ट्रात निधी उभारण्याची दुसरीही एक रीत होती आणि तिच्यात प्रवेशिका नव्हतीच. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार हिंडून माणशी एक पैसा गोळा केला. त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. 1919 साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतल्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. पैसा आणि मूठ ही दोन्ही मापे नीट पाहण्यासारखी आहेत. ती इतकी लहान आहेत की गरिबालाही ती देता येतात, आणि श्रीमंताने तेवढेच दिले तर दोघे एका ओळीत येतात. 'वर्गणी' या शब्दात हीच सामायिकतेची भावना आहे. देणगी एकट्याची असते, वर्गणी सगळ्यांची असते, आणि तिकीट ज्याचे त्याचे असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांचा दानविषयक निबंध 1925 साली प्रसिद्ध झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो अपरिचित नसावा. दिलेली वस्तू देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांशी बांधून ठेवते, हे त्यातले मुख्य सूत्र. खरेदी-विक्रीत नेमके उलट घडते. पैसे मोजले, वस्तू मिळाली, संबंध संपला. आपल्याकडे 'देणे फिटले' म्हणतात ते हेच. शाळेला वर्गणी देणारा पालक उद्या शाळेच्या भिंतीला ओल आली तर विचारायला येतो, कारण ती भिंत काही अंशी त्याची असते. तिकीट काढून संमेलन पाहणारा पालक पंखा बंद असल्याची तक्रार करून घरी जातो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र शाळेला कोणत्या प्रकारचे पालक हवे आहेत, हे तिने आधी ठरवले पाहिजे.

डिजिटल तिकिटाची बाजू मांडणाऱ्यांचे सर्वांत बळकट म्हणणे हिशेबाविषयी आहे, आणि ते आम्हाला मान्य आहे. पावतीपुस्तकांचा कारभार किती ढिसाळ असतो, हे शिक्षकी पेशातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. पुस्तके वाटली जातात, काही परत येतात, काही येत नाहीत. स्थळप्रत आणि रोकड यांचा मेळ बसवता बसवता वर्गशिक्षिकेची एक रात्र जाते, आणि कमी पडलेले चाळीस रुपये ती निमूटपणे स्वतःच्या पर्समधून घालते. 2016 साली यूपीआय आल्यापासून भाजीवालाही भ्रमणध्वनीवर पैसे घेतो आहे, तर शाळेनेच का घेऊ नयेत? प्रत्येक रुपयाची नोंद, प्रत्येक देणाऱ्याला तत्काळ पोच आणि कार्यक्रम संपताच जमाखर्च तयार, हा लाभ लहान नाही. सार्वजनिक पैशाचा चोख हिशेब हाही एक नैतिक संस्कारच आहे.

आमची हरकत सुरू होते ती याच्या पुढच्या पायरीवर. हिशेबासाठी आणलेले यंत्र हळूहळू दारावरचा पहारेकरी होते. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याचे खाते जिल्हा सहकारी बँकेत आहे आणि पैसे मुलाच्या हाती, अशी आजी नातवाचे नाच-गाणे पाहायला दाराशी येते आणि तिला 'लिंक आली का?' असे विचारले जाते. अमेरिकेतील शाळांत सामन्यांची तिकिटे केवळ मोबाइलवर मिळू लागली तेव्हा तिथल्या पालकांनाही हाच अनुभव आला. दारात रोख पैसे घेतलेच पाहिजेत, अशी मागणी तिथे झाली. म्हणजे ही अडचण केवळ आपल्या खेड्यांच्या मागासलेपणाची नाही.

दुसरी हरकत मुलांविषयी आहे. मुलांकरवी निधी गोळा करण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. 1949 सालापासून 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला छातीवर लावायचे छोटे ध्वज मुले विकत आली आहेत. पण तिथे रक्कम किरकोळ होती आणि कुणी किती विकले हे चार दिवसांत विसरले जाई. डिजिटल यंत्रणा काहीच विसरत नाही. प्रत्येक मुलाच्या नावाची वेगळी लिंक, तिच्यावरून आलेली रक्कम, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रोज संध्याकाळी येणारी क्रमवारी हे सारे तिला सहज जमते, आणि सहज जमते म्हणूनच केले जाते. कापूस व्यापाऱ्याच्या मुलाच्या लिंकवर एका दिवसात जमणारी रक्कम हमालाच्या मुलीच्या लिंकवर महिन्यात जमणार नाही. वडिलांची ऐपत अशी आकड्यात मांडून मुलांपुढे ठेवण्याचा अधिकार शाळेला कुणी दिला? गणवेश कशासाठी असतो, हा प्रश्न अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

शिवाय मुलांची नावे, वर्ग, पालकांचे क्रमांक हे सारे तिकिटे विकणाऱ्या कुठल्यातरी कंपनीकडे जाते. 2023 साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. स्नेहसंमेलनाच्या घाईत ही संमती कोण घेते, हे प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःला विचारावे.

मग करावे काय? उत्तरासाठी आम्हाला शेगाव सोडून दूर जावे लागत नाही. 1908 साली स्थापन झालेल्या श्री गजानन महाराज संस्थानात रोज जे घडते ते निधिसंकलनाच्या दृष्टीने पाहावे. महाप्रसादाच्या पंगतीत बसणाऱ्याला, तू देणगी किती दिलीस, असे कुणी विचारत नाही. देणगीच्या खिडकीवर उभ्या असलेल्याला, तू जेवलास का, असेही कुणी विचारत नाही. दोन्ही व्यवहार एकाच आवारात चालतात, देणाऱ्याला रीतसर पावती मिळते, पण एका व्यवहाराची सावली दुसऱ्यावर पडत नाही. याच देणग्यांतून आणि हजारो सेवेकऱ्यांच्या विनामोबदला श्रमांतून संस्थानाचे कार्य चालते. 1983 साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालयही या संस्थानाचेच.

आणखी एक अनुभव अलीकडचा. महासाथीत बंद झालेली मंदिरे 2020 सालच्या नोव्हेंबरात उघडली, तेव्हा शेगावात दर्शनासाठी ई-पास घ्यावा लागे. गावच्या अनेक वृद्धांनी तो नातवंडांकडून काढून घेतला. तो पास म्हणजे किंमत नव्हती, देणगीही नव्हती. गर्दी किती आणि जागा किती, याचा मेळ घालण्याचे एकच काम तो करत होता, आणि गरज सरल्यावर तो गेला.

आमचे म्हणणे यातून स्पष्ट होते. डोकी मोजणे, किंमत घेणे आणि देणगी स्वीकारणे ही तीन वेगळी कामे आहेत. कागदी 'देणगी प्रवेशिके'त ती एकत्र होती, पण कागद ढिला होता. दारावरचा शिक्षक ओळखीच्या आजीला तसेच आत सोडी, आणि त्या ढिलेपणात माणुसकीला जागा मिळे. यंत्रात ती तिन्ही कामे घट्ट बांधली जातात आणि ती जागा बुजते. म्हणून जे कागदावर आपोआप साधत होते ते आता नियम करून साधावे लागेल.

सभागृह लहान असेल तर शाळेने मोबाइलवरून पास जरूर द्यावेत, पण ते विनामूल्य असावेत, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी कागदी चिठ्ठी असावी. आपल्याच मुलांचे स्नेहसंमेलन पाहण्यासाठी पालकांकडून किंमत घेऊ नये. निधीसाठी बाहेरचे नाटक किंवा गाणे लावले असेल तर तिकीट खुशाल लावावे, मात्र ते विकण्याचे काम मोठ्यांनी करावे. देणगीसाठी वेगळा क्यूआर आणि शेजारी रोख घेणारी खिडकी असावी. देणाऱ्याची पोच त्याची त्याला मिळावी आणि एकूण जमाखर्च फलकावर लागावा. त्या फलकावर कोणत्याही मुलाचे नाव असू नये.

यात निधी थोडा कमी जमेल, असे कुणी म्हणेल. जमेलही. पण शाळेची इमारत कशासाठी बांधायची, याचे उत्तर ती बांधण्याच्या रीतीतही दिसले पाहिजे. हमालाच्या मुलीला त्या इमारतीत मान खाली घालून शिरावे लागणार असेल, तर भिंती कितीही पक्क्या असल्या तरी त्यांना शाळा म्हणणे आम्हाला जड जाईल.